नऊ फूट

१२ जानेवारी

ताई,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. थोरल्या बहिणीला पत्र लिहिताना साष्टांग नमस्कार घालायचा, हे तूच मला शिकवलं होतंस. पण घातला तर तू म्हणशील, आधी नीट उभा राहायला शीक, मग आडवा हो. म्हणून नुसतं ताई.

तू फोन उचलत नाहीस. उचलावास असं म्हणायला मला तोंडही नाही. हे पत्र आपल्या आप्पांच्या शिष्येच्या, मीटरच्या हाती देतो आहे. पोरगी एकोणीस वर्षांची झाली तरी आप्पांचा जुना मल्टिमीटर गळ्यात अडकवून फिरते आणि दिसेल त्या तारेला टोचून बघते. आप्पांनी तिचं नाव मीटर ठेवलं ते उगाच नाही. सध्या ती आमच्या बांधकामावर वायरिंगवाल्याच्या हाताखाली लागली आहे. पहिल्याच दिवशी तिने मला ओळखलं. तुमच्या भिंतीवरचा माझा पदवीचा फोटो तिने रोज पाहिला होता म्हणे. ओळखलं, पण चारचौघांत ओळख दाखवली नाही. त्याबद्दल मला तिचे उपकार वाटतात आणि लाजही वाटते, दोन्ही एकदम.

आप्पांना पोचवून आलो त्या दिवशी तू मला एकच वाक्य बोललीस. "सही तुझी आहे." मी गप्प बसलो. आता बोलतो.

तू तो कागद पाहिला आहेस. वस्तीतल्या तरुण मुलामुलींसाठी तंत्रज्ञान केंद्र बांधायचं, त्यासाठी कुठली जागा मोकळी करायची, त्याची यादी. क्रमांक १४२ पुढे लिहिलं होतं, 'शेड, रिकामी. जागेवर जाऊन पाहिले.' खाली सही माझी. ते आपलं घर होतं. कागदावर तिथे माणसंच नव्हती, त्यामुळे पाडल्यावर तुम्हाला बदली खोली मिळायला चार महिने खेटे घालावे लागले. मिळाली तीही नाल्यापलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. तिथे आप्पा पाच आठवडे जगले.

ताई, चूक फोटोची होती. आमच्याकडे ड्रोन उडवून वस्तीचे फोटो काढतात आणि प्रत्येक छपराला नंबर देतात. घरांना नाही, छपरांना. वरून बघितलं तर सगळी वस्ती म्हणजे पत्रे, ताडपत्र्या आणि टायर. आपल्या छपरावर निळी ताडपत्री कधी आली मला माहीत नव्हतं, मी सहा वर्षांत घरी आलोच नव्हतो. आपलं घर मी नेहमी खालून पाहिलेलं. वरून मला ते ओळखू आलं नाही. ही देवाशपथ खरी गोष्ट आहे.

भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आल्या आहेत. काम चांगलं चाललंय. हे तुला कशाला सांगतोय, कळत नाही.

तुझा,
धाकटा

२ मार्च

ताई,

मीटरला विचारलं, पत्र दिलंस का? म्हणाली, दिलं, ताईने वाचलं आणि शिवणयंत्राच्या खणात टाकलं. खणात म्हणजे बॉबिनच्या सोबत की चिंध्यांच्या, असं विचारणार होतो. मग म्हटलं, फाडलं नाही ना, पुष्कळ झालं.

इथे रोज काहीतरी नवं लचांड निघतं. आमचे सर, म्हणजे ज्यांच्या कचेरीत मी नोकरी करतो ते मोठे आर्किटेक्ट, माणूस तसा सज्जन आहे, पण त्यांना सगळं उंच आवडतं. उंच दार, उंच खिडकी. आराखडा करतानाच मी म्हटलं होतं, सर, इथे उंच खिडकी केली तर पलीकडच्या माडीवरून सगळं दिसेल, मग मुली येऊन बसायच्या नाहीत. ते म्हणाले, तुला बरं माहीत? मी म्हटलं, अभ्यास केलाय. ताई, कचेरीत माझ्याबद्दल सगळ्यांची समजूत अशी आहे की मी कुठल्यातरी लहान पण बऱ्या गावातून आलोय आणि माझे वडील 'इलेक्ट्रॉनिक्समध्ये' आहेत. खोटं नव्हतं तसं. उंबऱ्यावर बसून रेडिओ, मिक्सर आणि पंखे उघडणं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच की.

इमारतीत एक खोली अशी लागते जिथे सगळ्या संगणकांचं मुख्य यंत्र ठेवतात. तिला गारवा लागतो, नाहीतर यंत्र बंद पडतं. घरं पाडून जागा मोकळी झाल्यावर मी सावल्यांचा नकाशा केला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठल्या जागेवर किती ऊन, सगळं आखलं. सगळ्या वस्तीत दुपारभर गार राहणारी एकच जागा निघाली, पाण्याच्या टाकीच्या सावलीतली. सर खूश झाले. म्हणाले, नुसता नकाशा बघून इतकं अचूक कसं सुचलं तुला?

मला कसं सुचलं ते तुला माहीत आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आपण तिघं तिथेच जमिनीवर पडायचो. आप्पांनी ती जागा धरली तीही त्याच सावलीसाठी, सोल्डरिंगला बसलं की घाम डोळ्यात जाऊ नये म्हणून. त्यांनी कुठला नकाशा केला नव्हता.

आता मागच्या पत्रातलं थोडं दुरुस्त करतो. फोटोत ओळखू आलं नाही हे खरं. पण 'जागेवर जाऊन पाहिले' हे खोटं. आमच्या कामाची रीतच अशी की फोटोवर जो खूण करतो, त्यानेच पायी जाऊन प्रत्येक दार ठोठावायचं, मग सही करायची. मी बाकीच्या गल्ल्या केल्या. टाकीच्या बाजूच्या तेवढ्या केल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने हाक मारली असती, "अरे, रेडिओवाल्याचा धाकटा ना तू?" आणि बरोबर कचेरीतली दोन माणसं होती. त्या अठरा छपरांच्या सह्या मी टेबलावर बसून केल्या. सतरा जणांचं काही बिघडलं नाही, त्यांचा तपशील बरोबर निघाला.

हे लिहून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

तुझा,
धाकटा

१७ एप्रिल

ताई,

तू काल येशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. काय झालं ते तू पाहिलंस. तरी लिहितो, माझ्या हातून एकदा लिहिलं जाऊ दे.

अर्ध्या बांधलेल्या सभागृहात वस्तीतली पन्नासेक मुलंमुली सिमेंटच्या गोण्यांवर बसली होती. आत काय काय हवं ते त्यांनीच सांगायचं, असा बेत होता. जमिनीवर खडूने मोठा नकाशा काढून ठेवला होता आणि ज्याने त्याने हवं तिथे जाऊन उभं राहायचं. एकजण म्हणाला, सॉकेट कमरेच्या वर घ्या, नाल्याचं पाणी आत येतं. दोघी म्हणाल्या, दार कोपऱ्याकडे नको, तिथे टोळकं बसतं. सर भराभर लिहून घेत होते. मलाही बरं वाटत होतं. आपण काहीतरी चांगलं करतोय, असं घटकाभर वाटलं.

मग मीटर उठली. म्हणाली, यंत्रं बिघडली तर ती उघडायला टेबल कुठे आहे? सर म्हणाले, त्यासाठी कंपनीचा माणूस येईल. सगळे हसले. इथे कंपनीचा माणूस येत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मीटर म्हणाली, आम्हाला जे येतं ते आप्पांनी शिकवलं, त्यांच्या उंबऱ्यावर बसून. सरांनी विचारलं, हे आप्पा कोण? तिने खडूच्या नकाशावर गार खोलीकडे बोट केलं. "इथे राहायचे. हे घर त्यांचं होतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं विचारावं तसं म्हणाले, "इथे तर रिकामी शेड होती ना?"

तू खांबाशी उभी होतीस. हातात शिवायच्या कपड्यांची पिशवी होती. आणि मी म्हणालो, "कागदावर तसंच आहे, सर."

तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस आणि निघून गेलीस.

संध्याकाळी मीटर आली. तिने कधी नव्हे तो मल्टिमीटर गळ्यातून काढून खिशात ठेवला होता. माझ्याकडे न बघता म्हणाली, ताईचा निरोप आहे. "पत्रं नकोत म्हणावं. ते घर कोणाचं होतं ते तिथे उभं राहून सांग."

एवढंच. तुझं मागणं बरोबर आहे. तू पहिल्यापासून बरोबरच बोलत आलीस, ती एक तुझी मोठी खोड.

१८ एप्रिल

ताई,

पत्रं नकोत म्हणालीस तरी ही एक चिठ्ठी. सांगतो. ऑगस्टमध्ये उद्घाटन आहे, तिथे सगळ्यांसमोर सांगतो. तू ये.

३० जून

ताई,

सांगायचं ठरवलं आहे, तर सगळंच सांगायला हवं. आणि जे मी माइकवर सांगू शकणार नाही ते तुला आधी कळायला हवं. ते दुसऱ्या कुणाच्या कामाचंही नाही.

गेल्या वर्षी तू मला फोन केला होतास, आठवतं? दुपारची वेळ होती, मागे तुझं यंत्र चालू होतं. म्हणालीस, सगळ्या गल्लीत नोटिसा लागल्यात, ज्याला हरकत घ्यायची त्याने पंधरा तारखेच्या आत घ्या म्हणतात, तू त्याच लाइनीत आहेस, बघ जरा. मी म्हणालो, "बघतो."

नंतर तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं की मी बघितलं तोवर उशीर झाला होता, यादी वर गेली होती. तू विश्वास ठेवलास. कागदावरची सही बघेपर्यंत ठेवलास.

उशीर झाला नव्हता. तू फोन केलास तेव्हा यादी माझ्याच टेबलावर होती, पेपरवेटखाली. फोन ठेवल्यावर मी फोटोची मोठी प्रत मागवली आणि टाकीच्या बाजूची छपरं एकेक करून पाहिली. १४२ वर तीन टायर होते आणि एक गंजलेली डिश होती, एका बाजूने चेपलेली. ती डिश मी चेपली होती, ताई. सात वर्षांचा असताना तिच्यात बसून घसरगुंडी करायला गेलो होतो. आप्पांनी मारलं नाही, नुसतं म्हणाले, आता हिच्यात फक्त तुझेच कार्यक्रम दिसतील. त्या चेपलेल्या डिशवरून मला आपलं घर ओळखू आलं. त्यानंतर दहा दिवस ती यादी माझ्या टेबलावर होती.

दहा दिवस. एक ओळ खोडायची होती. पण ओळ खोडली की कारण लिहावं लागतं, तशी पद्धत आहे. मग सरांना सांगावं लागलं असतं की मी जागेवर गेलोच नव्हतो. का नाही गेलास, तर मला तिथे लोक ओळखतात. का ओळखतात, तर ते माझं घर आहे. एवढी तीन वाक्यं. रोज सकाळी ठरवायचो, आज जेवणाच्या सुटीनंतर सांगू. मग सर कुणाशीतरी हसून बोलत असायचे, मला वाटायचं उद्या. पंधरा तारखेला शिपाई आला आणि यादी घेऊन गेला. मी त्याला थांबवलं नाही.

तुम्ही हरकतीचा अर्ज का केला नाहीत, हे मी तुला कधी विचारलं नव्हतं. मीटरने मला सांगितलं, तिला काही माहीत नसताना. ती आप्पांना म्हणाली होती, अर्ज लिहून देते. आप्पा म्हणाले, "आपला पोरगा आहे ना तिथे. बघतो म्हणालाय, म्हणजे झालं." आणि पुन्हा कुणाचातरी पंखा उघडून बसले.

नाल्यापलीकडच्या खोलीत मी त्यांना एकदाच भेटलो. तू पाणी आणायला गेली होतीस. त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखालून काढून मला दाखवली, सगळी हत्यारं पुसून ठेवली होती. म्हणाले, तिसऱ्या मजल्यावर कोण मिक्सर घेऊन चढणार, आणि इथे उंबरा कुठे आहे, दारातून सरळ जिनाच. मग विचारलं, तुझं काम कसं चाललंय? मी म्हणालो, बरं चाललंय. ते म्हणाले, छान. त्यांना माहीत होतं का गं? मला आजवर हे विचारायचा धीर झाला नाही. माहीत असेल तर सांगू नकोस. माहीत नसेल तर सांग.

११ ऑगस्ट

ताई,

पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवली होती, भिंतीकडची. कुणी बसू नये म्हणून मीटरने तिच्यावर तिची पिशवी ठेवली होती. कार्यक्रम सुरू होईपर्यंत मी दाराकडे बघत होतो. मीटर म्हणाली, बघू नका. ताई म्हणाली, मी एकदा जाऊन आले.

तरी सांगितलं. माझं नाव पुकारलं, आराखड्याबद्दल दोन शब्द बोला म्हणाले. मी बोललो ते असं. ही मागची गार खोली आहे ना, तिथे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं घर होतं. ते माझे वडील. त्या घरात माझ्या बहिणीने शाळा सोडून लोकांचे कपडे शिवले आणि मला शिकवलं. मी ते घर रिकामी शेड म्हणून लिहिलं, तिथे न जाताच 'जाऊन पाहिले' म्हणून सही केली, आणि कळल्यावरही गप्प बसलो. ते रिकामं नव्हतं. मला वाटलं होतं माझा आवाज फुटणार नाही. चांगला खणखणीत फुटला. नको तेव्हा फुटतो.

आणि मग काय झालं असेल असं वाटतं तुला? मला वाटत होतं, लोक दगड मारतील. गिरणीवाले काका मागून उठले आणि म्हणाले, "म्हणजे तू रेडिओवाल्याचा धाकटा! किती बारीक झालास रे." दोन बायकांनी डोळे पुसले. मुलांना आत जायची घाई होती. पाच मिनिटांत सगळे संगणकांना चिकटले. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल, सही खोटी निघाली म्हटल्यावर चौकशी तर होणारच. ती व्हावीच.

आता पुढचं. हे मी तुझ्यापासून लपवू शकलो असतो, तुला कधीच कळलं नसतं. पण लपवायचं तेवढं लपवून झालं.

सगळे गेल्यावर सर माझ्याजवळ आले. मी मान खाली घालून उभा. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अरे, मग तेव्हाच बोलायचं होतंस. नऊ फूट मागे घेतलं असतं. जिना फिरवला की काम झालं. मला तो जिना तसाही आवडला नव्हता."

नऊ फूट, ताई. इमारतीचा कोपरा आपल्या घरावर फक्त नऊ फूट आला होता. मी इतकी वर्षं नकाशे काढतो, मला हे दिसलं नाही असं नाही, मी त्या नजरेने बघितलंच नाही. मला वाटत होतं, एका बाजूला हे एवढं मोठं केंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला आपलं घर, दोन्हीतलं एकच राहील. दोन्ही राहिली असती. केंद्राच्या दारासमोर आप्पांचा उंबरा राहिला असता. मुलं इकडे संगणक शिकली असती आणि बिघडला की तो उचलून चार पावलांवर नेऊन ठेवला असता. मी कुठून आलो हे कळल्यावर सर काय म्हणतील, या भीतीने मी आप्पांना नाल्यापलीकडे पाठवलं. आणि सर म्हणाले काय, तर जिना आवडला नव्हता.

संध्याकाळी टेप घेऊन मोजलं. गार खोलीच्या भिंतीपासून मागे बरोबर नऊ फूट मोकळी जागा आहे. तिथे उरलेल्या विटा पडल्या आहेत, दुसरं काही नाही. मग चालून पाहिलं. माझी चार पावलं भरली. त्या खोलीत आप्पा पलंगापासून दारापर्यंत जसे चालत होते, तशी त्यांची सात भरली असती.

हत्यारांची पेटी तू मीटरबरोबर पाठवलीस. ती माझ्यासाठी नाही, मुलांसाठी आहे, ते कळलं. मी तिला हात लावलेला नाही. मीटरने गार खोलीच्या दाराशी टेबल मांडलं आणि पेटी त्याच्यावर ठेवली. मी निघालो तेव्हा एक मुलगी पंखा घेऊन तिच्यापुढे बसली होती आणि मीटर तिला ओरडत होती की आधी प्लग काढ.

माफ कर असं लिहिणार नाही. तू काय करायचं ते तू ठरव. मी फक्त तो एक कागद पुन्हा भरतो आहे, जसा तेव्हा भरायला हवा होता.

क्रमांक १४२. घर. राहणारे दोघे, वडील आणि थोरली मुलगी. वडील उंबऱ्यावर बसून रेडिओ दुरुस्त करतात. मुलगी आत शिवणयंत्रावर असते. दुपारभर सावली.

जागेवर जाऊन पाहिले.

धाकटा